लाल ते लहान

गांगुर्डे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच दुकानाच्या कुलपाशी झटापट करत होते. नाशिक रोडला स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत मी नुकतंच चष्म्याचं दुकान टाकलं होतं, पाटीचा रंगसुद्धा वाळला नव्हता. शेजारच्या शटरपुढे पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच, वाळका माणूस कुलूप ओढून बघत होता. ओढलं, सोडलं, परत ओढलं. मग चहाच्या टपरीपर्यंत गेला, तिथून मागे फिरला आणि येऊन पुन्हा ओढलं.

"बिघडलंय का हो कुलूप?" मी विचारलं.

"नाय. चांगलं हाय."

"मग लागलंय ना?"

"लागल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "पण वाटण्यावर आपण जात नाय."

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा मला राग यायला लागला. काकांचं दुकान बंदुका दुरुस्त करायचं होतं. सैन्यात त्यांनी आयुष्यभर तेच काम केलेलं, निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून इथे बसले. बँकांच्या दारावरचे रखवालदार, मळ्यात राहणारे बागायतदार, नेम साधायचा सराव करणारी कॉलेजची मुलं, असे सगळे त्यांच्याकडे यायचे. बंदुकांमध्ये वावरणारा माणूस म्हणजे मिशीला पीळ देणारा, छाती काढून चालणारा असणार, अशी माझी समजूत. पण काकांइतका घाबरट माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"घाबरतो म्हणून तर बोटं जागेवर हायेत," ते शांतपणे म्हणाले.

ते मूळचे नांदगावकडचे. इतकी वर्षं देशभर फिरूनही बोलण्यातला 'हाय' आणि 'लय' गेला नव्हता, फक्त मध्येमध्ये सैन्यातली हिंदी यायची. त्यांच्या कामाची एक रीत होती. हत्यार हातात आलं की आधी ते रिकामं आहे का ते बघायचं. मग गिऱ्हाइकाला बघायला लावायचं. मग डोळे मिटून करंगळी घालून चाचपायचं. "डोळा त्याला पाह्यजे तेच बघतो," असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी माझ्यासारख्या चष्मे विकणाऱ्या बाईला ऐकवलं होतं. टेबलावर हत्यार कधीही अख्खं ठेवायचे नाहीत. एखादा तरी भाग काढून पँटच्या खिशात टाकायचा आणि मगच चहा प्यायचा.

त्यांचे डोळे तपासणं म्हणजे माझी सत्त्वपरीक्षा होती. मी एक काच लावायची, मग दुसरी, आणि विचारायचं, यातलं कशातून स्पष्ट दिसतं? कुणीही माणूस 'पहिलं' नाहीतर 'दुसरं' म्हणून मोकळा होतो. काका म्हणायचे, "दोन्ही परत दाखवा." परत दाखवलं की, "आता उलट्या क्रमानं दाखवा." बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत बसलेली. शेवटी मी वैतागून म्हणाले, "काका, अहो चष्माच आहे, बॉम्ब नाही." त्यावर ते हसले नाहीत. चुकीच्या चष्म्यातून बघून एखादा स्क्रू अर्धा आटा कमी बसला तर काय होतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. ते ऐकल्यावर मलाही दोन दिवस नीट झोप लागली नाही.

त्यांची बायको सुशीलाबाई मात्र अगदी निवांत. एकदा दोघं नागपूरला दीक्षाभूमीला निघाले. जागा राखून ठेवलेली, डब्यात पोळी-भाजी, सगळं यथासांग. मनमाडला गाडी थांबली तशी काका उठले आणि म्हणाले, "मी मागच्या खोलीतला दिवा मालवला का?" सुशीलाबाई म्हणाल्या, मालवला, मी बघितलं. "तू बघितलं. मी बघितलं का?" असं म्हणून ते उतरले आणि उलट्या गाडीने परत आले. दिवा अर्थात मालवलेलाच होता. सुशीलाबाई एकट्या पुढे गेल्या, दर्शन घेतलं, ओळखीच्या बायका जोडल्या आणि तजेलदार होऊन परत आल्या. "हे संगं असते तर लय गर्दीत सारखं माझी पर्सच तपासत बसले असते," असं त्यांनी मला सांगितलं.

या सगळ्याचं मूळ काय, हे काकांनी मला एकदाच सांगितलं, तेही अर्धवट. तरुणपणी सैन्यातल्या एका जोडीदाराने त्यांना विचारलं होतं, रायफल रिकामी आहे ना? काका म्हणाले होते, असं वाटतं. जोडीदाराची दोन बोटं गेली. एवढं सांगून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि काच नीट बसली आहे का ते दोनदा दाबून पाहिलं. 

आता त्या दसऱ्याचं सांगते.

नामपूरचे अहिरे शेठ हे कांद्याचे व्यापारी, चाळिशीचे, बोलायला गोड. त्यांच्या वडिलांच्या मागे त्यांच्या नावावर एक जुनं परदेशी रिव्हॉल्वर आलेलं होतं. त्याला लागणारी लांब काडतुसं आता मिळेनाशी झाली होती. त्याच नळीतून जाणारी लहान काडतुसं मात्र सहज मिळतात. रिव्हॉल्वरला गोळ्या भरायची एक गोल चक्री असते. या जातीच्या रिव्हॉल्वरला कारखान्यानेच दुसरी चक्रीही केलेली असते. लांब काडतुसांना एक, लहान काडतुसांना दुसरी. चक्री बदलली की त्याच हत्यारात दोन्ही चालतात. अहिऱ्यांनी ती दुसरी चक्री परवान्यावर नोंद करून मागवली आणि काकांकडे बसवायला आणली. नोंदीचा शिक्का काकांनी उजेडात धरून, मग माझ्या दुकानातलं भिंग घेऊन पाहिला, तेव्हा कुठे कामाला हात लावला.

काम बरेच दिवस चाललं. पण काकांची खरी काळजी बसवण्याची नव्हतीच. दोन्ही चक्र्या दिसायला बहिणी-बहिणी. लांब काडतूस लहान चक्रीत जातच नाही, त्यामुळे ती चूक होऊ शकत नाही. पण लहान काडतूस लांब चक्रीत जातं. जातं आणि सैल बसतं. बार काढला की आतलं पितळ फाटतं आणि गरम वायू, पितळेचे कपचे मागे येतात, हातावर, तोंडावर, डोळ्यांत. डोळ्यांत म्हणताना काका माझ्याकडे बघत होते.

म्हणून त्यांनी खूण ठरवली. माझ्या टेबलाच्या खणातली लाल नेलपॉलिशची बाटली मागून नेली. लहान काडतुसांच्या चक्रीला लाल ठिपका, काडतुसांच्या डबीवर लाल ठिपका. अहिरे शेठ न्यायला आले ती नवमीची दुपार होती. काकांनी त्यांना समोर बसवून पाठांतर करून घेतलं. "लाल ते लहान. म्हणा." शेठ हसत हसत म्हणाले, "लाल ते लहान." जाता जाता त्यांनी सांगितलं, उद्या घरी शस्त्रपूजा, मग वडिलांच्या वेळेसारखा अंगणात एक बार काढायचा. काका उखडले. हवेत बार काढायला बंदी आहे, वर गेलेली गोळी कुणाच्या तरी डोक्यात खाली येते, वगैरे सगळं ऐकवलं. शेठ हो हो म्हणाले. 'हो हो' म्हणणारी माणसं काय करतात हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी मी दुकान आवरत होते, तर काका दारात. उजव्या हाताचं बोट पुढे केलेलं.

"ताई, हे लाल कशाचं?"

मला हसू आलं. "माझी नेलपॉलिश आहे ती. सकाळी नेलीत ना? आता घरी गेल्यावर सुशीलाबाईंना काय सांगणार?"

ते हसले नाहीत. "मी कोणत्या चक्रीला लावली?"

"मला काय ठाऊक? मी गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते."

"आठवा जरा."

"काका, लावली तुम्ही. तुम्ही आठवा."

"तेच तर," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, नेहमीचंच. मनमाड झालं, आता नामपूर. मी म्हटलं, फोन करा शेठना आणि विचारा. त्यांनी मान हलवली. फोनवर शंका सांगितली की माणूस आधी बंदूक हातात घेतो, मग ऐकतो. ते काही त्यांना चालणार नव्हतं.

दसऱ्याला सकाळी दाराची बेल वाजली. काका पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे होते. त्या दिवशी विहारात कार्यक्रम असतो आणि वंदनेला पुढच्या रांगेत बसायचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. "गाडी काढता का?" एवढंच म्हणाले. सणाच्या दिवशी, घरात पुरणाचा घाट घातलेला असताना. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि किल्ली घेतली. तो चेहरा कुलूप ओढतानाचा नव्हता.

पिंपळगाव गेलं, देवळा गेलं. रस्त्याने ट्रॅक्टरना झेंडूच्या माळा, नांगरांना हळदीकुंकू, दुकानाच्या पायऱ्या धुतलेल्या. काका सीटचा पट्टा धरून बसले होते आणि मधूनमधून त्या बोटाकडे बघत होते. लाल अजून गेलं नव्हतं. अहिऱ्यांकडची लांब काडतुसं संपलेली, आता घरात फक्त लहान. ठिपका जर भलत्या चक्रीवर पडला असेल तर शेठ लाल बघून नेमकी लहान काडतुसं लांब चक्रीत भरणार आणि अंगणात, बायको-मुलांच्या देखत, बार काढणार. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. सटाणा मागे पडलं तशी मीही स्टीअरिंग घट्ट धरलं. मी गाडी जोरात हाकत होते, आणि जन्मात पहिल्यांदा काका मला 'हळू' म्हणाले नाहीत.

अहिऱ्यांचं घर गावाबाहेर, कांद्याच्या चाळींना लागून. फाटक उघडंच होतं. पूजा आटोपलेली. अंगणात पाट, त्यावर विळा, कोयता, तराजूची वजनं, सगळ्यांवर झेंडू. अहिरे शेठ नवी टोपी घालून मधोमध उभे, हातात रिव्हॉल्वर, चक्रीत शेवटची काडतुसं भरणं चाललेलं. घरातली पोरं भिंतीशी कानांत बोटं घालून तयार.

मी गाडीतूनच ओरडणार होते. काकांनी माझा दंड असा दाबला की तो पुढे दोन दिवस दुखत होता.

"बंदूक हातात असलेल्या माणसाला हाक मारायची नाय," ते म्हणाले. "तो वळतो, अन् नळी पण वळती."

मग ते उतरले आणि सणाला आलेल्या पाहुण्यासारखे रमत चालत गेले. शेठच्या बाजूला, किंचित मागे जाऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "शेठ, लांबून आलो. जरा पाणी पाजता का?"

दारी आलेल्याने पाणी मागितल्यावर इकडचा, बागलाणातला माणूस हातातलं काम धरून राहत नाही. शेठनी गडबडीने रिव्हॉल्वर पाटावर ठेवलं. "काका? तुम्ही इकडं कसे काय?" कोण आलंय ते अहिराणीत विचारत त्यांची आई ओसरीतून पाणी आणायला उठली. "कोण उनं रे? बठा भाऊ, बठा. पानी लई येस." तोवर काकांचा तळवा रिव्हॉल्वरवर पडला होता. 

त्यांनी चक्री काढली आणि मला हाक मारली. मी जाऊन पाहिलं. चक्री लाल होती. पाटावर राहिलेली दुसरी, तीही लाल होती. आईंनी पूजेत दोन्हींना कुंकवाची भरघोस बोटं लावली होती.

"लाल बघूनच भरली हो," शेठ म्हणाले. "तुम्हीच तर पाठ करून घेतलं होतं."

"देवनं काम शे," आई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "एकले लावं अन् दुसरीले नही, असं कसं?"

काकांनी काडतुसं बाहेर काढून खिशात टाकली. मग पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीने ती चक्री पुसली, मधल्या खाचांत बाही घालून घालून पुसली. कुंकू गेलं. खाली नुसतं पोलाद. ठिपका नव्हता. लहान काडतुसं लांब चक्रीत भरलेली होती. त्यांनी दुसरी उचलली, पुसली. कुंकवाखाली माझी नेलपॉलिश होती, नीट, गोल, जिथे असायला हवी तिथे.

शेठनी डोक्यावरची नवी टोपी काढली. त्यांच्या बायकोने पोरांना आत नेलं. काका मात्र हात जोडून आईंपुढे उभे राहिले. "चूक माझी हाय, आई. आमच्यात ही पूजा नसती, म्हणून कुंकवाचं माझ्या ध्यानातच आलं नाय." मग खिशातून बारीक कानस काढून त्यांनी लहान चक्रीच्या कडेला एक खाच पाडली आणि शेठच्या नखाला ती कळेपर्यंत त्यांच्याकडून चाचपून घेतली. "आता डोळ्यावर ठेवू नका. नखावर ठेवा."

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. परतताना मी एकटीच बोलत होते. काका, खूण तुमची बरोबर होती. काका, तुम्ही आला नसता तर त्या माणसाचे डोळे गेले असते. काका, आजपासून मी तुम्हाला घाबरट म्हणणार नाही. ते बाहेर मक्याची वाळायला टाकलेली कणसं बघत होते. सटाण्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "ताई, खूण बरोबर होती."

"तेच तर सांगतेय मघापासून."

"मला ती केलेली आठवत नाय."

मी गाडीचा वेग कमी केला.

"कुलूप लावलं का, दिवा मालवला का, अशी शंका मला आयुष्यभर आली," ते म्हणाले. "पण लावल्याचं आठवायचं. हात कुठं होता, काय वाजलं, सगळं आठवायचं, तरी शंका यायची. काल आठवायला गेलो तर तिथं काहीच नाय. बाटली मागितल्याचं नाय, उघडल्याचं नाय. बोट बघून कळलं. आत्तासुदीक आठवत नाय." त्यांनी बाही वर केली. सदरा कोपरापर्यंत कुंकवाने माखला होता. "आज बरोबर निघालं. मी बरोबर नव्हतो."

मी त्यांना वय झालं, थकवा, सणाची धावपळ, असलं काहीबाही सांगितलं. ते सांगताना मला स्वतःलाच पटत नव्हतं. गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ रडले आणि काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. झाकण नीट लागलंय का ते त्यांनी आधी बघितलं होतं.

नामपूरकडे या गोष्टीचं भलतंच झालं. गांगुर्डे काकांना घरबसल्या कळतं, अशी ख्याती पसरली. अहिरे शेठ दोन-तीन जणांना हत्यारं घेऊन पाठवून बसले. काकांनी एकही हातात घेतलं नाही. दुकानात होती ती सगळी ज्याची त्याला परत केली, परवाना स्वतः जाऊन जमा केला. गल्लीतल्या लोकांनी समजूत घातली, मीही घातली. एकदा तर मी चिडून म्हणाले, इतक्या वर्षांत कुणाला तुमची चूक सापडली नाही आणि तुम्हीच का दुकान मोडता? "सापडायची वाट बघायची का?" त्यांनी विचारलं. 

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सुशीलाबाई आता कुठे एकट्या जात नाहीत. घरी गेलं की काका मला ओळखतात, ताई म्हणतात, कधीकधी माझ्या दुकानाची पाटी वाळली का म्हणून विचारतात.

पण मला ते दिसतात ते दुकानाच्या शेवटच्या दिवशी. टेबल विकलं गेलं होतं, भिंतीवरचे खिळेसुद्धा काढलेले. काकांनी शटर खाली ओढलं, वाकून कुलूप घातलं, हात झटकले आणि मला म्हणाले, "चला ताई, येतो." मग ते चालायला लागले. मी माझ्या दारात उभी राहून वाट बघत होते. टपरी आली. टपरीवाल्यानेही हातातली गाळणी तशीच धरून ठेवली होती, इथून ते वळणार म्हणून. ते वळले नाहीत. टपरीच्या पुढे गेले, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याशी काहीतरी हसून बोलले आणि दिसेनासे झाले. इतक्या मोकळ्या अंगाने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला धस्स झालं.

मी शटरपाशी गेले. कुलूप नुसतं कोयंड्यात अडकवलेलं होतं. आत काहीच नव्हतं, उघडं राहिलं असतं तरी काय बिघडणार होतं. मी ते दाबलं, ओढून पाहिलं. लागलं होतं. टपरीपर्यंत गेले, तिथून मागे फिरले आणि येऊन पुन्हा ओढून पाहिलं.